आजीच्या गळ्याची शपथ

२०१७ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रातल्या पालकांना एका माशानं पछाडलं होतं. जुलैच्या अखेरीस मुंबईत एका शाळकरी मुलाचा मृत्यू झाला आणि त्याचा संबंध ‘ब्लू व्हेल’ नावाच्या, मुलांना स्वतःला इजा करायला लावतो असं म्हटल्या जाणाऱ्या मोबाइलवरच्या खेळाशी जोडला गेला. पुढच्याच महिन्यात सोलापूरचा एक मुलगा घर सोडून निघाला आणि भिगवणला सापडला; त्याच्या बातमीलाही तोच मासा चिकटला. मग पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर सूचनांचा पाऊस सुरू झाला. मुलांचे मोबाइल तपासा, हात तपासा, खुणा दिसल्या तर समजा मासा घरात शिरला. जानेवारी २०१८ मध्ये तेव्हाचे केंद्रीय गृहराज्यमंत्री हंसराज अहिर यांनी लोकसभेत सांगितलं, की सरकारनं नेमलेल्या समितीनं चौकशी केली आणि कुठल्याही घटनेत या खेळाचा हात असल्याचं सिद्ध झालं नाही.

तोवर भीती ओसरली होती, त्यामुळे त्या उत्तराकडे फारसं कुणी वळून पाहिलं नाही. पण इतक्या बाह्या वर करून पाहिल्या गेल्या, तर काही हातांवर खुणा सापडणारच होत्या. जगभरातल्या पाहण्या एकत्र करून २०१४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मरायचा हेतू नसताना स्वतःला मुद्दाम इजा केल्याचं किशोरवयीन मुलामुलींपैकी सुमारे १७ टक्क्यांनी त्यात सांगितलं होतं. साठ मुलांच्या वर्गात हा हिशेब दहाच्या घरात जातो. म्हणजे मासा खोटा निघाला, तरी हात खरेच होते. ते तपासणाऱ्यांना त्या मुलांशी बोलायचं मात्र सुचलं नाही.

नगरमध्ये त्याच सुमारास एका घरात हेच घडलं. (२०२४ पासून शहर आणि जिल्हा अहिल्यानगर झाले आहेत, पण सावेडीतला रिक्षावाला अजून ‘नगर का?’ असंच विचारतो आणि या घरातली माणसंही तसंच म्हणतात.) मुलगी नववीत होती. आज ती बावीस वर्षांची आहे. हा लेख लिहिणारी तिची मावशी. पाथर्डी तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत तिनं बरीच वर्षं मराठी शिकवलं. लेखाला भाचीनं परवानगी दिली ती एका अटीवर. “लिही, पण ‘मी’ ‘मी’ करत लिहू नकोस. ती तुझी गोष्ट नाही, मावशी.” म्हणून इथे मावशी तिसऱ्या पुरुषात आहे, आणि ओळख पटेल असे तपशील भाचीच्या सांगण्यावरून वगळले आहेत.

घरात लग्न होतं. बांगड्या भरायला कासारीण आली होती, ओसरीत बायकांचा गलका चालला होता. मुलीनं उजवा हात पुढे केला, डावा केलाच नाही. कासारणीनं सवयीनं तो ओढून घेतला, बाही मागे सारली आणि गप्प बसली. तिच्या गप्प बसण्यानंच सगळ्यांच्या माना वळल्या.

पुढचं एखाद्या पाठांतरासारखं झालं. आई रडली आणि म्हणाली, “तुला काय कमी केलं गं आम्ही?” वडिलांनी मोबाइल काढून घेतला, मासा डोक्यात होताच. काका म्हणाले, नाटकं आहेत, दोन दिवस लक्ष देऊ नका. एका नात्यातल्या बाईंनी एका देवऋष्याचं गाव सांगितलं. रात्री पाहुणे पांगल्यावर आजीनं नातीचा हात आपल्या गळ्यावर ठेवून शपथ घातली. परत असं केलंस तर माझं मेलेलं तोंड पाहशील. मुलीनं मान डोलावली. घराला वाटलं, प्रश्न मिटला.

पंधरवड्यानं आजीची साखर एकदम खाली गेली आणि तिला दवाखान्यात ठेवावं लागलं. मधुमेह जुना होता, गोळी घेऊन जेवायला उशीर झाला होता. डॉक्टरांच्या दृष्टीनं त्यात विशेष काही नव्हतं. पण मधल्या काळात नातीकडून शपथ मोडली होती. चौदा वर्षांच्या डोक्यानं हिशेब जुळवला, आजी आपल्यामुळे मरायला टेकली. या अपराधाची एकच शिक्षा तिला ठाऊक होती, आणि तीच ती स्वतःला पुन्हा पुन्हा देत राहिली. आता मात्र अशा जागी, जिथे कासारणीचा हात पोहोचणार नाही.

शपथेनं दुखणं कमी झालं नाही, फक्त नजरेआड गेलं. या घरानं शिकलेली मुख्य गोष्ट हीच, आणि लेख लिहिण्याचं कारणही हेच. स्वतःला इजा करणाऱ्या माणसाच्या बाबतीत पहिलं काम इजा थांबवणं हे नसतं. लपवण्याची गरज कमी करणं हे असतं. ऐकायला हे उलटं वाटतं. आईबापांना तर ते क्रूरच वाटतं, कारण जखम डोळ्यांना दिसते आणि लपवणं दिसत नाही. पण जे लपलं आहे त्यावर ना आईला फुंकर घालता येते, ना डॉक्टरला मलमपट्टी. मानसोपचारातही एके काळी रुग्णाकडून ‘असं करणार नाही’ असं लिहून, सही घेऊन ठेवायची पद्धत होती. अशा लेखी हमीनं इजा किंवा आत्महत्या टळतात याला संशोधनातून आधार मिळाला नाही. आजीची शपथ ही त्याच कागदाची घरगुती आवृत्ती होती, वर आजीच्या जिवाची धास्ती जोडलेली.

मुळात माणूस असं का करतो, हा प्रश्न प्रत्येक घर विचारतं आणि बहुतेक घरं तो आरोपासारखा विचारतात. मुलीला स्वतःला तेव्हा उत्तर येत नव्हतं. नंतर तिनं जे सांगितलं ते साधं होतं. आत काहीतरी इतकं साचायचं की श्वास कोंडायचा. इजा केली की थोडा वेळ सगळं शांत व्हायचं. मग लाज वाटायची, आणि त्या लाजेनं पुन्हा साचायला सुरुवात व्हायची. तज्ज्ञही जवळजवळ हेच सांगतात. बहुतेकांसाठी हा असह्य भावना आटोक्यात आणण्याचा मार्ग असतो. काहींना आत सगळं बधिर झाल्यासारखं वाटतं आणि काहीतरी जाणवावं म्हणून ते असं करतात. काही जण स्वतःला शिक्षा देतात. सुरुवात बहुतेकदा बारा ते चौदा या वयात होते. मुली करतात, मुलगेही करतात. मुलग्यांनी भिंतीवर मूठ आपटली की घरचे त्याला राग म्हणतात आणि सोडून देतात.

काकांच्या ‘नाटकं’ या शब्दाबद्दल एवढंच. लक्ष वेधून घ्यायचं असतं, तर नगरच्या मे महिन्यात मुलगी पूर्ण बाह्यांचा कुर्ता घालून हिंडली नसती. आणि समजा कुणी खरंच लक्ष द्या म्हणून हे करत असेल, तर ज्याला लक्ष मिळवायला स्वतःचं कातडं पणाला लावावं लागतं त्याच्याकडे लक्ष द्यायला हवं, हे सांगायला मानसशास्त्र कशाला लागतं?

ही इजा म्हणजे आत्महत्येचा प्रयत्न नव्हे. दोन्हींमागचा हेतू वेगळा असतो. पण दोन्हींमध्ये भिंतही नाही. जे वारंवार इजा करतात त्यांना पुढे आत्महत्येचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार २०२२ मध्ये महाराष्ट्रात २२,७४६ माणसांनी आत्महत्या केली, देशात सर्वाधिक. जे इजा करतात आणि जगतात ते अशा तक्त्यांत येत नाहीत. म्हणून ‘जीव तर देत नाहीये ना’ म्हणून निर्धास्त होणंही चूक, आणि खूण दिसताच मुलीला मरणाच्या दारातून ओढून आणल्यासारखा आकांत करणंही चूक.

मुलगी बोलली ती एसटीत. दिवाळीच्या सुट्टीत ती मावशीबरोबर पाथर्डीला निघाली होती. करंजीचा घाट लागला तेव्हा खिडकीबाहेर बघत तिनं विचारलं, “मावशी, शपथ मोडली तर ज्याच्या गळ्याची असते त्याला काही होतं का गं?”

“नाही होत. तुझ्याकडून मोडली का?”

“हो.”

“बरं. आत्ता दुखतंय का कुठे?”

“नाही.”

“एकटीच सांभाळत होतीस सगळं?”

यावर ती रडली. मावशीनं पाण्याची बाटली पुढे केली आणि कंडक्टर तिकिटं तपासून पुढे जाईपर्यंत काही बोलली नाही. शेजारी शेजारी बसलेलं असताना डोळ्याला डोळा द्यावा लागत नाही, मधे उठून जाता येत नाही आणि रस्ता बराच शिल्लक असतो. समोर बसवून ‘बोल आता’ म्हटल्यावर जे निघत नाही ते अशा वेळी निघतं. भाजी निवडताना, गाडीवर मागे बसवून नेताना, गुरांना पाणी पाजताना मुलं जास्त बोलतात, हा मावशीचा शाळेतल्या मुलींबाबतचाही अनुभव.

त्या प्रवासात मुलीनं अपेक्षित तेच मागितलं. “आईला सांगू नकोस.” अशा वेळी पटकन ‘नाही सांगत’ म्हणून टाकणं ही दुसरी शपथच. मावशी म्हणाली, “तुझ्या जिवाला धोका आहे असं वाटलं तर सांगेन, पण तुला आधी सांगून. बाकी काय सांगायचं, कसं सांगायचं, ते आपण दोघी ठरवू.” ही काळजी घेण्याचं आणखी एक कारण आहे. अशा इजेच्या मुळाशी कधी कधी लैंगिक अत्याचार असतो. अठरा वर्षांखालच्या मुलाबाबत असं काही कळलं, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. ‘कुणालाच सांगणार नाही’ असा शब्द दिलेला असेल, तर तो मोडताना मुलाचा उरलासुरला विश्वासही मोडतो. १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक याच कामासाठी आहे. नगरमध्ये गिरीश कुलकर्णी यांनी १९८९ मध्ये सुरू केलेल्या स्नेहालयासारख्या संस्थेनं संकटातल्या मुलांसोबत वर्षानुवर्षं काम केलेलं आहे, त्यामुळे या जिल्ह्यात ‘जायचं कुठे’ हा प्रश्न इतर ठिकाणांइतका कोरा नाही.

आणखी एक प्रश्न मावशीनं त्याच रात्री विचारला. अंथरुणं घालून झाल्यावर, दिवा मालवण्याआधी. “मरावंसं वाटतं का गं कधी?” हा प्रश्न विचारायला घरोघरी लोक घाबरतात, विचारलं तर डोक्यात येईल, असं त्यांना वाटतं. अभ्यासांत असं आढळलेलं नाही. सरळ विचारल्यानं आत्महत्येचा विचार रुजत नाही, उलट बऱ्याचदा माणसाला हायसं वाटतं. मुलगी म्हणाली, “कधी कधी सगळं थांबावं असं वाटतं. मरायचं म्हणून नाही.” हे उत्तर मिळालं म्हणून पुढचे काही आठवडे घाई न करता पावलं टाकता आली. उत्तर ‘हो’ आलं असतं, त्यात कसं आणि कधी याचाही विचार असता, तर तिला क्षणभरही एकटी न सोडता त्याच रात्री सरकारी रुग्णालय गाठणं हा एकच रस्ता होता. अशा वेळी १०८ ची रुग्णवाहिका बोलवावी. शेजाऱ्यांना काय वाटेल हा विचार सकाळी करावा.

आईला सांगितलं ते मुलीनं स्वतः, मावशी शेजारी बसलेली असताना. आईला आधीच फोनवर एवढंच बजावलं होतं, की कारण विचारू नकोस आणि हात बघायला मागू नकोस. आईनं दोन्ही पाळलं. रडली, पण ‘तुला काय कमी केलं’ हे वाक्य गिळलं. घरच्यांच्या तोंडून निघणाऱ्या सगळ्या वाक्यांत ते सर्वात जड असतं, कारण त्यात मुलीचं दुखणं बाजूला पडतं आणि आईबापांचा निकाल लागू लागतो.

मग दवाखाना. इथेही एक ठेच बसली. एक जखम चिघळली होती, म्हणून आधी जवळच्याच एका डॉक्टरांकडे नेलं. नाव सांगण्याचं कारण नाही. त्यांनी मुलीसमोर आईला सुनावलं, “पुढच्या वेळी आणलीत तर भूल न देता टाके घालीन, मग कळेल.” इजा करणाऱ्याला वेदनेचा धाक दाखवणं किती हास्यास्पद आहे हे त्यांच्या लक्षात आलं नसावं. पण परिणाम हास्यास्पद नव्हता. पुढच्या वेळी जखम झाली तेव्हा मुलगी दवाखान्यात जायला तयार होईना. ज्यांच्या हाती ड्रेसिंगचा ट्रे असतो त्या परिचारिका, कंपाउंडर, गावच्या आशाताई, या सगळ्यांना एवढंच सांगणं की ही जखम इतर जखमेसारखीच साफ करा, भूल द्यायची असेल तर द्या, जाताना ‘पुन्हा लागलं तर ये’ म्हणा. उपचाराची ती पहिली पायरी असते, आणि ती मानसोपचारतज्ज्ञाच्या हातात नसते.

‘पोलीस केस होईल’ ही भीती त्या घरालाही होती. तिचा इतिहास मोठा आहे. आत्महत्येचा प्रयत्न हा भारतीय दंडसंहितेच्या कलम ३०९ खाली गुन्हा होता. १९८६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात मनोरुग्ण असलेल्या एका पोलीस शिपायाचा खटला आला, तेव्हा न्या. पी. बी. सावंत यांनी हे कलम घटनाबाह्य ठरवलं. मानसिक आजारातून असं पाऊल उचलणाऱ्याला कोठडीची नव्हे, उपचारांची गरज आहे, असा त्यांचा रोख होता. सर्वोच्च न्यायालयानं १९९४ मध्ये तीच दिशा धरली आणि १९९६ मध्ये मोठ्या पीठानं ती फिरवली. शेवटी मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ आला आणि मे २०१८ मध्ये लागू झाला. त्याचं कलम ११५ सांगतं, की असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरायचं, त्याच्यावर खटला चालवायचा नाही आणि त्याची काळजी घेणं, उपचार आणि पुनर्वसन करणं ही सरकारची जबाबदारी. जुलै २०२४ पासून दंडसंहितेची जागा भारतीय न्याय संहितेनं घेतली, तेव्हा जुनं ३०९ त्यात आलंच नाही. रुग्णालय आपल्या नियमाप्रमाणे पोलिसांना कळवू शकतं, नोंदही होऊ शकते. पण ती नोंद म्हणजे मुलीवरचा गुन्हा नव्हे. मरायचा हेतू नसलेल्या इजेला तर तेही कलम कधी लागू नव्हतं. दवाखान्याच्या दारातून परत फिरणाऱ्या घरांना हे कुणीतरी सांगायला हवं.

दुसरी भीती येरवड्याची. नगरहून पुण्यात शिरताना येरवडा लागतं आणि तिथेच मनोरुग्णालय, त्यामुळे या भागात ‘येरवड्याला धाडा’ ही शिवीच होऊन बसली आहे. अशा इजेसाठी मनोरुग्णालयात ठेवावं लागणं क्वचितच घडतं. जिल्हा रुग्णालयाचा मानसोपचार विभाग, लोणीसारख्या ठिकाणचं वैद्यकीय महाविद्यालय, खाजगी मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशक यांच्याकडे जाऊन-येऊन उपचार होतात. किशोरवयीन मुलांसाठी सरकारी रुग्णालयांत ‘मैत्री’ क्लिनिक असतात. ऑक्टोबर २०२२ पासून टेलिमानस ही केंद्र सरकारची सेवा सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, फुकट, मराठीतून बोलता येतं. घरातल्या माणसानं स्वतःसाठी फोन केला तरी चालतो, ‘माझी मुलगी असं करते, मी काय करू’ एवढं विचारायला.

समुपदेशकाच्या खोलीत काय होतं? कुणी काही काढून घेत नाही, कुणी शपथ घालत नाही. उबळ येते कधी, त्याआधी काय घडलेलं असतं, ती किती वेळ टिकते, याची नोंद ठेवायला शिकवतात. उबळ चढते तशी ओसरतेही, हे मुलीला स्वतःच्या वहीतून कळलं. कुणी सांगितलं म्हणून नव्हे. मधला वेळ काढायला काय करायचं याची यादी तिनं स्वतः केली. थंड पाण्यानं तोंड धुणं, गच्चीवर भराभरा चकरा मारणं, मावशीला फोन, आणि फोनवर काही न बोलता नुसतं टीव्हीचा आवाज ऐकवत बसणं. ही शेवटची युक्ती कुठल्याही पुस्तकात नसेल. सोबत नैराश्य असेल तर त्यावर औषध देतात. इजेची सवय घालवणारी वेगळी गोळी मात्र नाही.

या उपचारांतली डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी ही पद्धत ज्यांनी घडवली त्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहन यांची हकीकत मुलीला तिच्या समुपदेशकानं सांगितली होती. सतराव्या वर्षी त्या हार्टफर्ड इथल्या मनोरुग्णालयात दाखल होत्या आणि स्वतःला वारंवार इजा करत होत्या. पुढे शिकल्या, प्राध्यापक झाल्या, १९९३ मध्ये या पद्धतीवरचा ग्रंथ लिहिला. स्वतःचा भूतकाळ त्यांनी जाहीरपणे सांगितला तो २०११ मध्ये, वयाच्या ६८ व्या वर्षी, त्याच रुग्णालयात उभं राहून. एवढ्या मोठ्या बाईलाही सांगायला पन्नास वर्षं लागली, हे ऐकून मुलगी हसली होती म्हणे.

घरानं आणखी एक गोष्ट केली, तीही मुलीला विचारून. ज्या वस्तूंनी इजा होऊ शकते त्या सहज हाताशी राहणार नाहीत असं पाहिलं. शेतावरच्या घरातली फवारणीची औषधं कुलपात गेली आणि आजीच्या गोळ्यांचा डबा आईच्या कपाटात. याला बंदोबस्त म्हणायचं कारण नाही. उबळ थोडाच वेळ टिकते आणि तेवढ्यात वस्तू हाती लागली नाही तर जीव वाचतो, हा हिशेब मोठा सिद्ध आहे. श्रीलंकेनं १९९५ पासून सर्वात विषारी कीटकनाशकं टप्प्याटप्प्यानं बंद केली आणि पुढच्या दोन दशकांत तिथलं आत्महत्यांचं प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी उतरलं. ऊस, कांदा आणि डाळिंबाच्या या जिल्ह्यात फवारणीचे डबे पलंगाखाली असतात. कुलपाला फार खर्च येत नाही.

पण ही मुलगी शहरातली, तिला मावशी होती, वडिलांकडे दवाखान्यापुरते पैसे होते. पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडची कितीतरी मुलं दसरा-दिवाळीनंतर म्हाताऱ्या आजी-आजोबांजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहतात, कारण आईबाप कोयते घेऊन कारखान्यांवर ऊसतोडीला गेलेले असतात आणि गुढीपाडव्याच्या सुमारास परततात. मावशीच्या शाळेत अशा मुली होत्या. त्यांच्या हातावरही खुणा असत. विचारलं की, कधी फडात गेलेल्याच नसल्या तरी, उसाची पानं लागली म्हणत. त्यांना मानसोपचारतज्ज्ञ कुठून आणायचा?

याच जिल्ह्यात या प्रश्नाचं एक जुनं उत्तर पडलेलं आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० मध्ये जामखेडला आले. गावात डॉक्टर येत नाही, तर गावातल्याच बाईला शिकवायचं, असं त्यांनी ठरवलं. अक्षरओळख नसलेल्या, बऱ्याचशा दलित समाजातल्या बायकांनी बाळंतपणं केली, जुलाबानं मरणारी पोरं वाचवली. आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि जगभरातले लोक जामखेड बघायला येऊ लागले. मनाच्या दुखण्याबाबतही हे जमतं, याचे दाखले शेजारीपाजारी आहेत. गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि ‘संगत’ संस्थेनं मानसोपचाराचं शिक्षण नसलेल्या, डॉक्टर नसलेल्या माणसांना समुपदेशन शिकवलं आणि नैराश्यावर त्याचा उपयोग होतो हे शास्त्रीय चाचण्यांतून दाखवलं. पुण्याच्या आयएलएस विधी महाविद्यालयातल्या केंद्रानं ‘आत्मीयता’ हा उपक्रम नाशिक जिल्ह्यातल्या खेड्यांत सुरू केला. गावातलीच माणसं मित्र म्हणून निवडायची, त्यांना ऐकायला आणि गरज पडली तर दवाखान्यापर्यंत पोचवायला शिकवायचं. वसतिगृहाच्या स्वयंपाकीणबाई, अंगणवाडीताई, एसटीतून रोज एकाच मुलीशेजारी बसणारी कुणी, यांच्यापैकी एकीला जरी एवढं शिकवलं तरी पाथर्डीला पुष्कळ झालं. निधी कुठून येणार हा प्रश्न उरतो, आणि तो सोपा नाही.

दुसऱ्या टोकाला काय होतं तेही याच जिल्ह्यात पाहायला मिळतं. डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे या दांपत्यानं १९९८ मध्ये माऊली सेवा प्रतिष्ठान सुरू केलं. रस्त्यावर टाकून दिलेल्या मनोरुग्ण स्त्रियांना ते घर देतात. मावशी तिथे एकदा शाळेच्या मुली घेऊन गेली होती. आजारी बाईला घराबाहेर काढणाऱ्या त्या घरांतही कधीतरी कुणीतरी ‘नाटकं आहेत’ म्हणालं असेलच.

सुधारणा सरळ रेषेत झाली नाही. दहावीच्या पूर्वपरीक्षेनंतर पुन्हा झालं, बारावीत पुन्हा. दोन्ही वेळा मुलीनं त्याच दिवशी सांगितलं. आईला ते अपयश वाटलं. समुपदेशक म्हणाल्या, सांगितलं हीच प्रगती. आईची झोप मात्र त्या वर्षांत पार गेली. रात्री उठून मुलीच्या खोलीचं दार ढकलून बघायची. तिलाही समुपदेशकाकडे जावं लागलं, आणि धाकट्या भावाला शेवटी कुणीतरी समजावून सांगितलं की घरात कुजबुज कशाची चालते. तोवर तो बिचारा ताईला कॅन्सर झालाय असं धरून चालला होता. सांभाळणाऱ्यांकडे लक्ष द्यायचं राहून जातं ते असं. आजीला तिची शपथ परत घ्यायला लावली तीही गंमतच. तिनं देव्हाऱ्यासमोर बसून, नातीच्या डोक्यावरून हात फिरवून, ‘सोडली रे बाबा’ असं खंडोबाला रीतसर कळवलं. समुपदेशकांनाही ते पटलं.

आता घरात नवा वाद आहे. मुलीला स्थळं येऊ लागली आहेत. आई म्हणते, खुणा फिक्या झाल्यात, पूर्ण बाह्यांचं ब्लाऊज शिवू, उगाच कशाला विषय काढायचा? सांगितलं तर कोण करणार? मावशीला वाटतं, ज्या लपवण्यानं एवढं रामायण झालं तेच आता बैठकीच्या सतरंजीवर पुन्हा मांडायचं का? सांगावं की नाही, कुणाला, कितव्या भेटीत, हे मुलीचं तिनं ठरवायचं. दाखवायची सक्ती नाही तशी झाकायचीही नको. आईचं म्हणणं, मावशीला बोलायला काय जातं. दोघींची आपापली बाजू मुलीपुढे मांडून झाली आहे. तिची एम.एस्सी.ची परीक्षा चालू आहे, आणि शेवटचा पेपर होईपर्यंत हा विषय काढणाऱ्याला चहा मिळणार नाही, असं तिनं दोघींनाही बजावलं आहे.